दोनशेच्या वर

आमच्या घरात दिवा लागायचा तो अप्पांच्या परवानगीने. परवानगी मागायला कुणी जायचं नाही, पण बटणावर बोट ठेवताना माझ्या आणि आईच्या डोळ्यांपुढे अप्पा उभे राहायचे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मागचा दिवा मालवायचा, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. आंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर नारळाच्या सोडणांवर तापायचं. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळ्यांच्या कपड्यांना एकदम. पुढे मिक्सर आला, पण आईने चटणी वाटताना तो जरा जास्त फिरवला की बाहेरच्या खोलीतून अप्पांचं खाकरणं ऐकू यायचं.

त्यांना कंजूष मात्र मी म्हणणार नाही. भावकीतल्या कुणाच्या लग्नात त्यांनी हात आखडता घेतला नाही, आणि आईला रेशमी लुगडं घेताना कधी भाव केला नाही. वीज तेवढी त्यांच्या लेखी वेगळी होती. “ही कावेरी आहे पुट्टी,” ते मला सांगायचे, “बटण दाबलं की कुठेतरी नदीचं पाणी खर्च होतं.” पुट्टी म्हणजे कानडीत लहान मुलगी. मी पन्नाशीला आले तरी त्यांच्यासाठी पुट्टीच होते. आमच्या घरचं मराठी असंच आहे, निम्मं कानडीत भिजलेलं. पुण्याकडचा पाहुणा आला की त्यालाही आणि आम्हालाही अवघडल्यासारखं होतं.

अप्पा नंजनगूडच्या एका कारखान्यात कामाला होते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. आयुष्यभर दळलेल्या दगडाच्या धुळीत काम केलं आणि निवृत्त होऊन म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या तीन खोल्यांच्या कौलारू घरात येऊन बसले. माझं लग्न झालं आणि मोडलंही, त्यानंतर मी याच घरात परत आले. एका विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी करते. घरात आम्ही तिघंच.

मग सरकारने घरोघरी फुकट वीज द्यायचं ठरवलं. निवडणुकीत कबूल केलं होतं, ते पाळलं. दोनशे युनिटपर्यंत फुकट, असं गल्लीत, बाजारात, बसमध्ये सगळीकडे लोक बोलत होते.

“फुकट कशाला? आपण भरतोय की,” अप्पा म्हणाले.

“सगळे घेताहेत. आपणच काय पाप केलंय?” आईने विचारलं.

मी फोनवरून अर्ज भरला. काही दिवसांनी कळलं की दोनशे हा आकडा आमच्यासाठी नव्हताच. गेल्या वर्षी तुम्ही महिन्याला सरासरी जेवढी वीज वापरली, तेवढी आणि वर दहा टक्के, एवढीच फुकट. समोरच्या घरात गीझर, दोन टीव्ही, पाण्याची मोटर. त्यांची सरासरी दोनशेच्या जवळ होती, त्यांना ती जवळजवळ सगळी माफ झाली. आमच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्साही आला नाही.

अप्पांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते हसले. “म्हणजे एवढी वर्षं मी दिवे मालवले ते सरकारचा खर्च वाचवायला.”

त्यांना हसू आलं, मला नाही. ज्याने उधळलं त्याला भरपूर आणि ज्याने जपून वापरलं त्याला थोडं, असा हिशोब करणारा माणूस कोणत्या शाळेत शिकला असेल, असं मला वाटलं. पण शून्याचं बिल येऊ लागलं, आई खूश झाली, आणि आपल्याला काही कमी पडत नाहीये तर बोलायचं कशाला म्हणून मीही गप्प बसले.

पुढल्या वर्षी अप्पांचा खोकला वाढला. आम्ही दमा समजत होतो. मोठ्या इस्पितळात फोटो काढले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरून दाखवलं. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती, कारखान्यातल्या धुळीने. पुन्हा मऊ होणार नाहीत, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचा सरळपणा मला आवडला. औषधं लिहून दिली आणि म्हणाल्या, “घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा. झोपेत तर हवंच, दिवसाही जास्तीत जास्त वेळ. मशीन चालू असेल तोवर ते ठीक राहतील.”

मशीन भाड्याने मिळालं. लहान कपाटाएवढं, खाली चाकं, मागून गरम वारा. त्याला जोडलेली बारीक नळी अप्पांच्या नाकाशी. खोलीतल्या हवेतून ते ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि त्यासाठी दिवसरात्र घुमायचं. पहिले काही दिवस अप्पांचा चेहरा पाहून बरं वाटलं. ओठांना रंग आला. ते उठून दारापर्यंत जाऊ लागले, पेपर वाचू लागले.

मग बिल आलं.

किती आलं ते इथे सांगत नाही. आकडा ऐकला की लोक लगेच आपलं बिल आठवून बरोबरी करू लागतात. आमच्या घरात तसं बिल त्याआधी कधी आलं नव्हतं, एवढं पुरे. वाढ मशीनची होती हे उघड होतं. पण त्या कागदावरचा फुकट विजेचा रकाना साफ रिकामा होता, ते मला कळेना. तोही नियम मग कळला. आपल्या सरासरीच्या वर गेलात तर वरच्या युनिटचे पैसे भरा, हे समजण्यासारखं आहे. पण दोनशेच्या वर एक युनिट जरी गेलं तर सवलत पूर्ण जाते. पहिल्या युनिटपासून सगळं तुमच्या माथी. दोनशेच्या आत तुम्ही गरजू, दोनशे एकला तुम्ही श्रीमंत.

बाकीच्या ओळी अप्पांनी भिंग घेऊन वाचल्या. स्थिर आकार वाढला होता. तो तर वीज वापरा न वापरा, द्यावाच लागतो. कोळसा महागला म्हणून एक ओळ. आणि आणखी एक ओळ होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“ही पेन्शन कुणाची?”

वीज खात्यातल्या निवृत्त माणसांच्या पेन्शनचा भार सरकारने आता ग्राहकांवर टाकला होता, युनिटमागे काही पैसे. मी तसं सांगितलं. अप्पांना कारखान्याची पेन्शन मिळायची. ती सांगायची त्यांना लाज वाटायची, इतकी ती लहान होती. त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं.

दोन घरं सोडून एक निवृत्त लाइनमन राहतात. खांबावर चढून आयुष्य गेलं, एका हाताची दोन बोटं वाकडी आहेत, शॉक लागला होता. अप्पांपेक्षा वयाने लहान, मी त्यांना काका म्हणते. ते अप्पांना पाहायला आले तेव्हा बिलाचा विषय निघाला. “माझी पेन्शन तुमच्या बिलातून येते हे मला पेपरात वाचून कळलं,” ते खाली बघत म्हणाले. “आमच्या पगारातून त्यांनी कापलं होतं ते. ते कुठे गेलं, मला काय माहीत.” त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. पण हेच मला जास्त खुपलं. सरकारने स्वतःचं देणं दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये ठेवून दिलं होतं, आणि ते दोघं एकमेकांकडे बघायला संकोचत होते.

मी अर्ज घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती. काउंटरवरचा माणूस वागायला चांगला होता. चिठ्ठी पूर्ण वाचली, मला बसायला खुर्ची दिली.

“मॅडम, आजारपणाची सोय यात नाही,” तो कानडीत म्हणाला. “सिस्टिममध्ये युनिट टाकतात. युनिट कशासाठी जळले ते टाकायला जागाच नाही.”

“कुणाला भेटू मग?”

“कुणालाही भेटा, नियम वरून आलाय.” मग तो जरा पुढे झुकला. “एक करा. मागच्या खोलीला वेगळा मीटर घ्या. भाडेकरू आहे असं दाखवा. दोन मीटर झाले की दोन्ही दोनशेच्या आत. पुष्कळ लोक तसंच करतात.”

“भाडेकरू कुठून आणू?”

“घरातलंच कुणीतरी. वेगळं आडनाव असलं तर बरं.”

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. मी उठले. बाहेर पायरीवर उभी राहून चिठ्ठीची घडी केली आणि ती पर्समध्ये ठेवली. खरं सांगितलं तर मदत नाही, खोटं बोललात तर आहे, आणि खोटं कसं बोलायचं ते सरकारी काउंटरवर खुर्ची देऊन शिकवतात.

घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी नळी नाकाशी नीट केली आणि आईकडे पाहिलं. “आता काय, तुझ्या आईला माझी भाडेकरीण करायची?”

आई म्हणाली, “भाडं कोण देणार, तुम्ही की मी?”

दोघं हसले, आणि वेगळ्या मीटरचा विषय तिथे संपला. मी म्हणाले, बिलाचं मी बघते, माझा पगार आहे. अप्पा “आयतु” म्हणाले. आयतु म्हणजे बरं, झालं. ते इतक्या सहज म्हणाले की मी निर्धास्त झाले.

उन्हाळा लागला. रोज दुपारभर आई विठ्ठलाच्या देवळात बायकांच्या भजनाला जायची. तिचं लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हापासून जाते. अप्पांजवळ पाण्याचा तांब्या, फोन, सगळं हाताशी ठेवून जायची. मी कार्यालयात असायची. त्या महिन्याचं बिल आलं ते खूप कमी. दोनशेच्या आत. फुकट विजेचा रकाना पुन्हा भरलेला. मी चकित झाले, पण उन्हाळ्यात वीज बरीच जात होती, म्हणून असेल असं वाटलं. अप्पांनी ते बिल मागून घेतलं, पुन्हा पुन्हा पाहिलं आणि उशीखाली ठेवलं.

पुढे एका दुपारी मला कार्यालयात काकांचा फोन आला. “पुट्टी, इस्पितळात ये. घाबरू नकोस. ये.”

आई भजनाहून परत आली तेव्हा घरात आवाज नव्हता. मशीन गप्प होतं. अप्पा खुर्चीत एका बाजूला कलले होते, ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे. वीज गेली असेल असं वाटून आईने पंख्याकडे पाहिलं, तर त्याचं बटणच बंद होतं. तिने पंख्याचं बटण दाबलं, पंखा फिरला. मशीनचं बटण दाबलं, मशीन सुरू झालं. मग ती ओरडत गल्लीत गेली. काकांनी रिक्षा थांबवली आणि दोघांनी मिळून अप्पांना आत घातलं.

त्या दिवशी ते वाचले. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आले, तोंडावर मोठा मास्क. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, “मशीन कुणी बंद केलं?” आई म्हणाली, “ते स्वतःच करतात. मी बाहेर पडले की बंद, माझी चाहूल लागली की चालू. ते कमी बिल कसं आलं ते मला आज कळलं.” मग तिने तोंडाला पदर लावला.

मी अप्पांच्या खाटेशी गेले. त्यांनी मास्क बाजूला केला. नर्सने तो परत लावला, त्यांनी परत बाजूला केला.

“दोनशेच्या आत आणलं होतं,” ते म्हणाले.

आवाजात थोडा अभिमान होता. कारखान्यातून बोनस आणल्यावर जसा असायचा, तसा.

मी ओरडले. पन्नास वर्षांत अप्पांवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या वॉर्डमध्ये, दहा खाटांच्या मधोमध, मराठी-कानडीत जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मी कमावते ते कशासाठी, तुमच्या श्वासापुढे त्या रकान्याची काय किंमत. ते शांतपणे ऐकत होते. मी दमल्यावर म्हणाले, “पुट्टी, ज्याची सवय आहे तेच माणूस करतो. मला दुसरं काय येतं?”

मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले. समोर रस्त्यापलीकडे एका सरकारी इमारतीवर कसल्या तरी समारंभासाठी दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. अजून ऊन होतं आणि त्या लागलेल्या होत्या. कुणीतरी तपासून बघायला लावल्या असतील आणि विसरले असतील. मी त्या माळांकडे पाहत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या नदीचं पाणी जपलं, त्याच्या बदल्यात त्याला सांगितलं गेलं की तुझा श्वास दोनशेच्या आत बसव. आणि त्याने बसवला. आज्ञाधारक माणूस होता.

अप्पा घरी आले त्या संध्याकाळी आईने जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. तिने घरातले सगळे दिवे लावले. तिन्ही खोल्या, मोरी, मागची पडवी, दारावरचा दिवा, जो फक्त दिवाळीत लागायचा. दोन्ही पंखे. देवघरात कुणीतरी भेट दिलेली रंगीत दिव्यांची पट्टी होती, तीसुद्धा.

“अगं, हे काय?” अप्पा म्हणाले.

“दोनशेच्या वर तर जाणारच आहे,” आई म्हणाली. “मग दोनशे एकला काय आणि पाचशेला काय. आता बघू दे त्यांना.”

“त्यांना म्हणजे कुणाला?”

“मला काय माहीत. जो कोणी बघतो त्याला.”

आई अशी बाई नव्हती. देवळात कुणी पायावर पाय दिला तर तीच माफी मागायची. ती कमरेवर हात ठेवून त्या झगझगीत खोलीत उभी राहिली आणि अप्पांना डोळे मिटावे लागले, इतका उजेड झाला होता. दिवे कुणी मालवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने फक्त गरजेचे ठेवले, पण मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि भजनाच्या बायकांना आमच्याच घरी बोलावलं. दुपारी बाहेरच्या खोलीत टाळ वाजायचे, मशीन घुमायचं आणि अप्पा बायकांच्या घोळक्यात अवघडून बसायचे.

सुनावणीची गोष्ट मला काकांनी सांगितली. वीज कंपन्यांना दर वाढवून हवे असले की दर ठरवणाऱ्या आयोगासमोर जावं लागतं, आणि आयोग लोकांचं म्हणणं ऐकून घेतो. कुणीही हरकत नोंदवू शकतो. “आमच्या नोकरीत आम्ही खुर्च्या मांडायला जायचो तिथे,” ते म्हणाले. “सामान्य माणूस क्वचितच दिसायचा.” मी लेखी हरकत पाठवली आणि त्या दिवशी रजा काढली. काका सोबत आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

म्हैसुरातल्या एका सरकारी सभागृहात मोठं टेबल, त्यामागे आयोगाची मंडळी, एका बाजूला कंपनीचे अधिकारी लॅपटॉप घेऊन. कारखानदार आले होते, हॉटेलवाले आले होते, त्यांच्याकडे वकील होते, छापील कागद होते. सरगूरकडचा एक शेतकरी उभा राहिला. कानडीत म्हणाला, “आमच्या पंपाला वीज फुकट आहे, त्याबद्दल सरकारला नमस्कार. पण ती येते अंधारात, आणि आमच्याकडे त्या वेळेला शेतात हत्ती असतात. पैसे घ्या, पण वीज दिवसा द्या.” काही लोक हसले. तो हसला नाही. मला त्याचं फार पटलं. देतोय ना फुकट, मग कशी देतो ते विचारू नका, हेच त्यालाही सांगितलं जात होतं.

माझा नंबर आला. माइकसमोर गेल्यावर लिहून नेलेलं बाजूला ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. माझ्या वडिलांना श्वासासाठी वीज लागते. त्यांनी वीज वाचवायला मशीन बंद केलं आणि मरता मरता राहिले. ते कमी वापरायचे म्हणून त्यांचा हिस्सा कमी ठरला, आजारी पडले म्हणून तोही गेला. “आम्हाला फुकट काही नको,” मी म्हणाले. “तुम्ही दर ठरवता. घरात असं मशीन असेल त्या घराला वेगळा दर लावा. आणि आपल्या निवृत्त माणसांची पेन्शन सरकारने स्वतः द्यावी, ती आजाऱ्याच्या बिलातून काढू नये. माझ्याबरोबर आलेले काकाही हेच म्हणतात, आणि ते पेन्शन घेतात.”

काका मागे उभे राहिले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ते फक्त उभे राहिले, वाकडी बोटं शर्टाला धरून.

टेबलामागचे मुख्य गृहस्थ वयस्कर होते, लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारलं, यावर काय म्हणणं आहे. अधिकारी उठला. फुकट विजेची योजना सरकारची आहे, तीत कंपनीला बदल करता येत नाही. पेन्शनचा निर्णयही सरकारचा. गृहस्थांनी मान हलवली आणि मला सांगितलं की योजना आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, दराचा मुद्दा विचारात घेऊ.

“मग सरकार कुठे बसतं?” मी विचारलं. “मी तिथे जाते.”

त्यांनी पुढचा नंबर पुकारायला सांगितलं. आमदारांच्या घरी मी आधीच जाऊन आले होते, तिथे मला सांगितलं होतं की विजेचे दर आयोग ठरवतो, सरकारच्या हातात काही नाही. दार एकाचं, कुलूप दुसऱ्याचं, आणि किल्ली कुणाकडे विचारलं की दोघंही आभाळाकडे बघतात.

बाहेर चहा होता. एका तरुण अधिकाऱ्याने जवळ येऊन सांगितलं, मॅडम, छतावर सोलर बसवा, अनुदान मिळतं. मी म्हणाले, आमचं छत कौलांचं आहे आणि चुलत्यांच्या घराशी जोडलेलं आहे. त्याने वाईट वाटल्यासारखं केलं. त्याला खरंच वाटलंही असेल. त्या दिवशी मला भेटलेला एकही माणूस वाईट नव्हता, आणि म्हणून माझा संताप कुठे टेकवावा तेच मला कळत नव्हतं. वाईट माणूस असता तर निदान त्याच्याशी भांडले असते.

दर वाढले. थोडे वाढले, असं पेपरात आलं. आजाऱ्यांच्या घराला वेगळा दर नव्हता.

अप्पा पावसाळ्याच्या शेवटी गेले. सकाळी, मशीन चालू असताना, चहाची वाट बघत. आजारच तसा होता, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. दिवस-कार्य झाल्यावर दुकानाचा माणूस मशीन घेऊन गेला. चाकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

पुढे शून्याचं बिल आलं. आई आणि मी दोघीच, आमची वीज किती ती लागणार. मी ते बिल फाडलं. मग फोन उघडला. योजनेतून नाव काढून घेता येतं, तशी सोय आहे. मला त्यांचं काही नको होतं.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. “बेड. राहू दे,” ती म्हणाली. बेड म्हणजे नको.

“आई, यांनी अप्पांना...”

“मला ठाऊक आहे काय केलं ते. म्हणून सोडायचं? सोडलंस तर त्यांचंच वाचेल. तुझ्या अप्पांनी एवढी वर्षं वाचवून दिलं, ते पुरे झालं.”

आम्ही त्या दिवशी खूप भांडलो. माझं म्हणणं, घेणं म्हणजे मान तुकवणं. तिचं म्हणणं, ही भीक नाही, आपल्याच पैशातलं परत येतंय, आणि स्वाभिमान दाखवायचाच तर सुनावणीत दाखव. शेवटी तिचंच खरं झालं. घर तिचं आहे. अजूनही मला ते शून्य पाहवत नाही. बिल आलं की ती उघडते, मी बघत नाही.

पुढल्या वर्षी कंपन्यांनी पुन्हा दरवाढ मागितली. मी पुन्हा हरकत नोंदवली. या खेपेला एकटी गेले नाही. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर ओळख झालेल्या दोन घरची माणसं आली होती. एक नवरा होता, त्याच्या बायकोला तेच मशीन लागतं, आणि एक म्हाताऱ्या बाई, त्यांच्या मुलासाठी. तिघांची हरकत मीच लिहिली होती.

तेच सभागृह, तेच टेबल. मुख्य गृहस्थांनी मला ओळखलं. माइकपाशी गेल्यावर विचारलं, “वडील कसे आहेत तुमचे?”

“गेले,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. कंपनीचा अधिकारी लॅपटॉपमधून मान वर न काढता बसून राहिला. मग मुख्य गृहस्थांनी विचारलं, आज काय सांगायचं आहे. मी म्हणाले, गेल्या वर्षीचंच, फक्त आता ते माझ्या घराबद्दल नाही. मग मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, गेल्या वर्षीपेक्षा मोठ्या आवाजात. त्या नवऱ्याने त्याच्या बायकोचं सांगितलं. म्हाताऱ्या बाईंना माइक उंच पडत होता, मी तो खाली करून दिला. त्या बराच वेळ बोलल्या. वेळ संपल्याची घंटा झाली तरी थांबल्या नाहीत, आणि त्यांना थांबवायची हिंमत कुणाला झाली नाही.

आमच्यानंतर हॉटेलवाल्यांचा नंबर होता.